भिंतीपलीकडे गेलेली भिंगरी

तानबा बुरड ओरडून माल विकत नसे. टोपली खाली ठेवायचा, दोन्ही पाय रोवायचा, बांबूची नळी पोटाशी धरायचा आणि सुतळीला असा झटका द्यायचा, की ‘सुंईऽऽ’ करत भिंगरी चिंचेच्या शेंड्यापर्यंत. आ वासून वर बघणाऱ्या माणसांकडे तो ढुंकूनही बघत नसे. त्या उडालेल्या जिनसेशी आपला काही संबंधच नाही अशा थाटात नाकातून म्हणायचा, “हाव, गेली.” बस. बोरगावातली पोट्टी, म्हणजे पोरंटोरं, त्याची नक्कल करायची ती एवढीच. गाय चुकली, गाडी सुटली, कोणाची म्हातारी वारली, तरी पोट्टी पोट पुढे काढून म्हणत, “हाव, गेली.”

धंदा तसा सुपा-टोपल्यांचा. भिंगरी ही हौस. बोटभर जाडीची पोकळ नळी, तिच्यात फिरणारी काडी, काडीला गुंडाळलेली सुतळी आणि काडीच्या डोक्यावर नुसतं टेकवलेलं दोन पात्यांचं फूल. सुतळी ओढली की काडी गरगरते, फूल सुटतं आणि आभाळात जातं. पाती बांबूचीच असायची, नखाएवढी पातळ सोललेली. वीस वर्षं हेच चाललं होतं.

मग सत्तावन्न साल उजाडलं आणि त्या दिवाळीला वर्ध्याच्या बाजारात पत्र्याच्या पात्यांची भिंगरी आली. बोरगावच्या पोट्ट्यांनी ती पाहिली आणि सगळी तानबासमोर येऊन उभी राहिली.

“तानबाकाका, तुमची भिंगरी म्हंजे जावई हाय. बसली का उठतच नाई.”

तानबा रात्रभर कूस बदलत राहिला म्हणतात. सकाळी त्याने घासलेटचा रिकामा डबा फोडला, पाती कापली, कडा कानशीने घासल्या आणि अंगणातून सुतळी ओढली. भिंगरी शेजारच्या वाडीतल्या निंबावरून पलीकडे गेली. तानबाचं तोंड असं फुललं, की कमलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्नातला तानबा आठवला.

पण ती हसली नाही. “हे जिनाकडे नेऊ नका तुमी,” ती म्हणाली.

“काऊन?”

“काऊन म्हंजे? पत्रा हाय तो.”

कमला दिवाळीपासून होळीपर्यंत नाक्यापलीकडच्या जिनात कामाला जायची. कापसातून सरकी वेगळी करणारी बारा यंत्रं तिथे ओळीने होती. त्यांना रेचे म्हणत, आणि प्रत्येक रेच्यावर एक बाई दिवसभर ओंजळी-ओंजळीने कापूस घालायची. चौथा रेचा कमलाचा. जिनात माचिस न्यायची नाही, विडी न्यायची नाही, पायात खिळ्यांची वहाण घालायची नाही. कारण कापसाबरोबर लोखंडाचा तुकडा आत गेला, तर पोलादावर घासून ठिणगी पडते, आणि तिथे तर हवेतसुद्धा रुई तरंगत असते. दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका जिनात बैलाच्या नालेचा खिळा गेला होता. त्या रेच्यावरची बाई कमलाच्या नात्यातली. तिचे हात कमलाने पाहिले होते. त्याबद्दल ती एकदाच बोलली, पुन्हा नाही.

“अन् आयका,” ती म्हणाली, “जिच्या घरच्यानं आगीचं नाहीतं लोखंडाचं काही जिनात आणलं, त्या बाईचं नाव कटते. म्यानेजरचा कायदा हाय.”

“हाव,” तानबा म्हणाला.

आणि पौषात एका सकाळी टोपलीभर पत्र्याच्या भिंगऱ्या घेऊन तो सरळ जिनाच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. कारण साधं होतं. गिऱ्हाईक तिथेच होतं. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून पार नाक्यापर्यंत लागायची, गाडीवान कंटाळलेले, बरोबर आलेली पोरं रडकुंडीला आलेली. वीस वर्षं तानबा त्याच भिंतीशी उभा राहत आला होता. त्याच्या बांबूच्या भिंगऱ्या कितीदा भिंतीपलीकडे पडायच्या, आणि आतल्या बाया “घ्या जी तुमची पोरगी!” म्हणत त्या परत फेकायच्या. पायांना जागा पाठ होती, हाताला झटका पाठ होता.

त्या दिवशी देवळीकडचा पुंडलिकराव पहाटेपासून रांगेत तिष्ठत होता. तो म्हणजे कोणाला तरी टोचल्याशिवाय ज्याचा चहा पचत नाही असा माणूस.

“का बे तानबा, हे उडते का निस्ती घाम काढते?”

“उडते.”

“किती?”

“ते भिंत दिसते?”

“दिसते. वर कावळा बसला हाय. कावळ्याले लागन ना बे!”

“कावळ्याच्या वरून.”

“जा बे! गेली तं दोन घेतो. नाई गेली तं माह्या बैलाचं शेण तू काढजो.”

रांगेतले गाडीवान खाली उतरले. पोरं चाकांवर चढली. तानबाने पाय रोवले, नळी पोटाशी धरली आणि सुतळी ओढली. उन्हात एकदा पत्रा चमकला. कावळा काव करून उडाला, आणि भिंगरी त्याच्याही वरून पलीकडे गेली.

“हाव, गेली,” तानबा म्हणाला, आणि सगळी रांग हसली.

तो सवयीने हात पुढे करून उभा राहिला. आतून कोणीतरी फेकेल, मग झेलायची. आतून काही आलं नाही. भिंतीपलीकडे इंजिन धक्-धक्-फूस, धक्-धक्-फूस करत होतं. तो आवाज सकाळपासून चालू होता, पण तानबाला तो आत्ता ऐकू आला. पुढे केलेला हात तसाच राहिला. भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात कापसाचा ढीग असतो. त्या ढिगातला कापूस गाठोड्यांनी रेच्यांवर जातो. आणि गेलेली भिंगरी बांबूची नव्हती.

“दे ना बे दोन,” पुंडलिकराव म्हणाला.

तानबा टोपली तिथेच टाकून फाटकाकडे निघाला. आधी चालत, मग धावत.

फाटकावर रामाजी चौकीदार. आत जाणाऱ्या प्रत्येकाची कंबर चाचपायची, सापडलेल्या माचिसा डबड्यात टाकायच्या आणि दर माचिशीमागे एक टोमणा द्यायचा, हे त्याचं काम.

“रामाजी, अंदर जाऊ दे.”

“काऊन?”

“भिंगरी पडली माही.”

“तं पडू दे ना बाप्पा. विमान थोडीच हाय का अंदर पायलट मेला!”

“कमलाशी गोठ हाय जराशी.”

“बायकोशी गोठ घरी करत जाय. भोंगा होईपर्यंत ते तुही बायको नाई, चौथा रेचा हाय.”

‘पत्र्याची’ हा एवढासा शब्द तानबाच्या दातांपर्यंत आला. तो बाहेर पडला असता तर रामाजी तसाच मॅनेजरकडे गेला असता, आणि संध्याकाळी कमलाचं नाव कटलं असतं. तानबाने शब्द गिळला. आधी भिंगरी गुपचूप काढू, असा त्याने विचार केला. मग कोणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

मागच्या बाजूला भिंत छातीएवढीच होती. तिच्या आत पाण्याचे रांजण, आणि तिथे देवकाबाई ओंजळीने पाणी पीत होती. ही दुसऱ्या रेच्यावरची, वयाने मोठी, आवाज असा की इंजिनाने कान झाकावे. पूर्वी ती दर वाक्याला मरीमायची आण घ्यायची. नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला वर्ष उलटलं होतं, पण जिभेला अजून वळण लागत नव्हतं. ‘मरीमा’पर्यंत यायची आणि उरलेलं गिळायची.

“काय बे, चोरावानी काय लपून राह्यला?”

“मावशी, आता अंदर भिंगरी पडली माही. पाह्यली का कोनं?”

“तुह्या भिंगऱ्या पाह्यत बसू का रेचा चालवू?”

“त्या कोपऱ्यातल्या ढिगावर पडली असन.”

“तो ढीग तं उचलून राह्यले. तीन गाठोडे गेले अंदर. तुह्या कमलाच्याच रेच्यावर.”

तानबाने भिंत दोन्ही हातांनी धरली. “मावशी, पत्र्याची हाय.”

देवकाबाईच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

“मरीमा... रामाजीले सांगतलं?”

“नाई.”

“काऊन?”

“कमलाचं काम जाईन.”

“अन् कमला गेली तं?”

तानबाने भिंतीवर तंगडी टाकली आणि आत उडी मारली. अंगणात वाळत घातलेल्या कापसावरून तो सरळ धावला. बाया ओरडल्या, “अवं, तुडवून राह्यला हा!” फाटकावरून रामाजी काठी घेऊन त्याच्यामागे सुटला. “धरा त्या बुरडाले! धरा!”

रेचाघरात पांढरं धुकं होतं. बारा रेचे खर्र-खर्र करत कापूस ओढत होते, आणि त्या आवाजात माणसाला स्वतःचं नावसुद्धा ऐकू आलं नसतं. चौथ्यापाशी कमला. नाकाला पदर, पापण्यांवर रुई, एक ओंजळ घालायची, दुसरी उचलायची. तानबाने तिचं मनगट धरलं. ती दचकली. त्याला तिथे बघून तिचे डोळे मोठे झाले. त्याने दोन बोटं गरगर फिरवून दाखवली, मग बाजूच्या खांबाच्या लोखंडावर टिचकी मारली.

कमलाला कळलं. तिने पायाशी पडलेल्या गाठोड्यांकडे बघितलं, मग दाराकडे. दारातून रामाजी येत होता आणि त्याच्यामागे मॅनेजर प्रभाकरराव. तिने तानबाकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. बोलू नका. आणि स्वतः खाली बसून दोन्ही हातांनी गाठोडं उलगडू लागली, जणू काही सांडलं आहे. तिच्या एका बाजूला तिसरा रेचा कापूस गिळत होता, दुसऱ्या बाजूला पाचवा. उचलणाऱ्याने त्याच ढिगातला कापूस शेजारी दिला नसेल कशावरून?

प्रभाकरराव पुण्याकडचे. घाईतसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलत, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. त्यांनी तानबाला हाताने दाराबाहेर ओढलं.

“हे पहा, प्रथम मला असं सांग, तू आत आलास कोणाच्या परवानगीने?”

“साहेब, इंजिन बंद करा.”

“इंजिन म्हणजे काय बैल आहे, हो म्हटलं की उभा राहायला?”

“कापसात पत्रा हाय.”

प्रभाकररावांची इस्त्री तिथेच मोडली. “कसला पत्रा? कोणाचा?”

“माहा. म्याच उडवला.”

“तुझं इथे कोण कामाला आहे?”

तानबाने आत बघितलं. कमला उठून उभी राहिली होती. ती मान हलवतच होती.

“चौथ्या रेच्यावर माही बायको हाय,” तानबा म्हणाला. “तिच्याच गाठोड्यात असन. आधी तिचा हात थांबवा साहेब. मंग माहं काय करायचं ते करा.”

प्रभाकररावांनी हात वर केला. रामाजी इंजिनाच्या मिस्त्रीकडे पळाला. छताखालचे पट्टे सैल पडत गेले, रेचे एकेक करून खर्र... खर्... करत थांबले, आणि इतकं शांत झालं, की बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. कोणीतरी शिंकलं तर सगळ्या ओरडल्या.

शोध सुरू झाला. कमलाची तिन्ही गाठोडी सोडून बाया गोल बसल्या आणि एकेक बोंड बोटांनी पिंजू लागल्या. वजन वाढावं म्हणून कोणा गाडीवाल्याने घातलेले दोन गोटे निघाले. बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू निघालं. “हे गेलं असतं तं?” कोणीतरी पुटपुटलं, आणि ते घुंगरू हातोहात दारापर्यंत गेलं. भिंगरी निघाली नाही. कोपऱ्यातला ढीग उपसला. तिथेही नाही. चौथ्या रेच्याच्या पोटात मिस्त्रीने हात घालून पाहिलं. नाही.

प्रभाकररावांनी खिशातलं घड्याळ काढलं. “पाऊण तास! ती भिंतीला आपटून बाहेरच पडली नसेल कशावरून?”

साक्षीला पुंडलिकरावाला आत बोलावलं. त्याने कंबर चाचपू दिली, माचीस काढून दिली आणि उभा राहिला.

“गेली साहेब. कावळ्याच्या वरून गेली. माह्या डोळ्यानं पाह्यली. आता मले दोन घ्या लागते.”

कोणी हसलं नाही. पुंडलिकरावही नाही.

“आणखी पाच मिनिटं,” प्रभाकरराव म्हणाले. “मग मी सुरू करणार. शेठना मी काय सांगू? एका खेळण्यासाठी जिन बंद ठेवलं?”

बाया जागच्या उठल्या, पण रेच्याकडे एकही वळली नाही. तानबा ढिगाच्या जागेकडे बघत होता. मग भिंतीकडे. मग पुन्हा ढिगाकडे.

“साहेब, दुसरी उडवतो.”

“काय?”

“त्याच जागेवरून. तसाच झटका. ते जिथं पडन, तिथंच पयली असन.”

“अरे, एक पत्रा सापडत नाही आणि तू दुसरा टाकतोस?”

“टाकू द्या साहेब,” देवकाबाई म्हणाली. “रेचे बंद हाय. या खेपेले सगळ्याचे डोळे वर असतीन.”

प्रभाकररावांनी घड्याळ मिटलं. उघडा कापूस ताडपत्र्यांनी झाकला, बायांना अंगणभर उभं केलं, आणि रामाजी तानबाची मानगूट धरून त्याला बाहेर घेऊन गेला.

मातीत पायांचे ठसे होते तसेच होते. तानबाने त्यांत पाय ठेवले. टोपलीतून भिंगरी काढली, सुतळी गुंडाळली. तीनदा गुंडाळली, कारण दोनदा बोटांतून सुटली. नळी पोटाशी धरली तर ती पोटावर टकटक वाजत होती. कापत्या हाताची भिंगरी पहिलीच्या जागी जाणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? तो तसाच उभा राहिला.

पुंडलिकराव आपल्या बैलापाशी येऊन उभा राहिला. जरा खाकरला.

“का बे तानबा,” तो हळूच म्हणाला, “हे उडते का निस्ती घाम काढते?”

तानबाने त्याच्याकडे बघितलं नाही. “उडते,” म्हणाला, आणि सुतळी ओढली.

भिंगरी भिंतीवरून गेली. या वेळी तानबा ‘हाव, गेली’ म्हणाला नाही. तो कान देऊन उभा राहिला. पलीकडे काहीच आवाज नाही. मग एकदम खण्ण करून पत्र्यावर पत्रा वाजल्याचा आवाज, आणि त्यापाठोपाठ पन्नास बायांचा एकच गलका. रामाजीने त्याची मानगूट सोडली आणि दोघेही धावले.

दुसरी भिंगरी ढिगावर पडलीच नव्हती. वारा घेऊन ढिगावरून पुढे गेली होती, रेचाघराच्या पत्र्याच्या छपराच्या कडेला आपटली होती आणि घसरून दाराशी पडली होती. तिथे बांबूच्या कठड्यात निवडलेला, साफ केलेला कापूस असायचा. तो निवडलेला म्हणून कोणी पुन्हा बघितला नव्हता. आणि तो कमलाच्या रेच्यावर जात नव्हता. तो दुसऱ्या रेच्यावर जायचा.

सगळ्यांनी देवकाबाईकडे बघितलं.

“माहा?” ती म्हणाली.

मग कोणी काही सांगायच्या आधीच ती आत गेली. दारात गर्दी झाली, पण उंबऱ्याच्या आत कोणी पाय टाकला नाही. दुसऱ्या रेच्याच्या फळीवर एक मोठी ओंजळ कापूस पडून होता. पाणी प्यायला जाताना ती जसा टाकून गेली होती तसाच, फळीच्या अगदी पुढच्या काठावर. देवकाबाईने दोन्ही हात त्यात घातले. निजलेल्या लेकराखाली हात घालावेत तसे, हळूच. हात थांबले. तिने कापसाचा एक पुंजका उचलला आणि बोटांनी उकलला. आत भिंगरी. एक पातं वाकलेलं. रेच्याच्या तोंडापासून ती वीतभर अंतरावर होती.

देवकाबाईच्या तोंडून कोणाचीच आण निघाली नाही. तिने भिंगरी फळीवर ठेवली आणि पदराने हात पुसत राहिली.

तानबा दाराच्या चौकटीला टेकला. सकाळपासून त्याने एकाच बाईचे हात डोळ्यांसमोर धरले होते. चौथा रेचा, चौथा रेचा. दुसऱ्या रेच्यावर कोण असतं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि तिला भिंतीशी बोलत उभं करताना ती कुठून उठून आली आहे, हेही नाही.

“मावशी,” तो म्हणाला.

“बोलू नको,” देवकाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका लहान कोणी ऐकला नव्हता.

प्रभाकररावांनी भिंगरी उचलून खिशात घातली. तानबाला सांगितलं, की पुन्हा या भिंतीच्या लांबीत दिसलास तर पोलीस. मग ते कमलाकडे वळले. नियम त्यांनीच लिहिला होता आणि तो त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी तोंड उघडलं, फळीपाशी उभ्या देवकाबाईकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “तू आजचा दिवस भर. उद्याचं शेठना विचारून सांगतो.”

दुसऱ्या सकाळी रामाजीने हजेरीत तिचं नाव पुकारलं, आणि तो ‘क’ म्हणतो न म्हणतो तोच कमला “हाय!” म्हणून ओरडली. पण ते दुसऱ्या सकाळी. त्या घटकेला कोणालाच काही माहीत नव्हतं.

मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. पट्टे ताणले, रेचे फिरू लागले, बाया आपापल्या जागी गेल्या. अकरा रेच्यांनी कापूस ओढायला सुरुवात केली. दुसरा रिकामाच घरघरत राहिला. देवकाबाईने ओंजळ भरली होती, पण हात पुढे जात नव्हते. ते फळीच्या काठापर्यंत जायचे आणि परत यायचे.

रामाजीने तानबाच्या खांद्यावर काठी टेकवली. “चाल बे पायलट. बाहेर.”

“जरासा थांब, रामाजी.”

“साहेब पाहून राह्यले.”

“जरासा.”

कमला आपला रेचा सोडून आली. तिने देवकाबाईच्या ओंजळीतून कापूस घेतला, फळीवर पसरला, बोटांनी चाचपला आणि स्वतः आत घातला. पुन्हा एक घातला. तिसऱ्या वेळी तिने कापूस देवकाबाईच्या हातांत ठेवला आणि तिच्या हातांखाली आपले हात धरले. काहीतरी बोलली. त्या आवाजात ते कोणाला ऐकू आलं नाही. देवकाबाईने मान हलवली. चार हात मिळून पुढे गेले.

रेच्याने खर्र करून कापूस ओढून घेतला. तानबा जागचा हलला नाही. मग खालच्या बाजूने सरकी टपटप पडायला लागली, आणि तेव्हाच तो रामाजीबरोबर फाटकाकडे निघाला.